अवघड आणि किचकट

"पहिले दोनशे तास शिकण्यातच जातात. खरा गेम त्यानंतर सुरू होतो."

स्टेलारिस शिकायला घेतलेल्या माणसाला हे वाक्य पहिल्या आठवड्यातच कुणीतरी ऐकवतं. ऐकवणाऱ्याच्या आवाजात तक्रार नसते. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढून आलेला माणूस पायथ्याशी पाणी पीत बसलेल्याला सांगतो, तसा तो सूर असतो.

मला या वाक्याचा राग येतो. गेम अवघड आहे म्हणून नव्हे; अवघड आहे म्हणून तर मी तो खेळते. नोकरी, प्रवास, स्वयंपाक उरकून रोज रात्री एक तास मिळाला, तर दोनशे तास म्हणजे दोनशे दिवस. गणपतीत सुरुवात केली तर होळी उलटून जाईल. एवढा काळ कुणी आनंदाने देत असेल तर देवो. पण तो 'द्यावाच लागतो' आणि 'त्यातच मजा आहे' असं सांगणाऱ्यांनी आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. या दोनशेपैकी किती तास विचार करण्यात जातात, आणि किती तास नुसतं बटण शोधण्यात?

तेवढ्यात दुसऱ्या टोळीतून दुसरं वाक्य येतं. "एवढं डोकं कशाला खपवतेस? यूट्यूबवर बिल्ड आहे. बघ, कॉपी कर, जिंक."

मला या वाक्याचाही राग येतो. वरवर पाहता दोन्ही टोळ्या एकमेकांच्या विरोधात आहेत. एकीला वाटतं की घाम गाळल्याशिवाय आत येऊ नये, दुसरीला वाटतं की घाम गाळायचीच गरज नाही. माझं म्हणणं असं, की दोघी एकाच गैरसमजावर जगतात, आणि हा गैरसमज मराठी माणसाला तरी व्हायला नको. कारण आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: अवघड आणि किचकट.

घाट अवघड असतो. बुद्धिबळाचा शेवट अवघड असतो. नोकरी सोडायची की नाही हा निर्णय अवघड असतो. किचकट असतो तो फॉर्म, जीआरची भाषा, खिशात गुंता झालेली इअरफोनची वायर. अवघड गोष्ट सुटली की हाताला काहीतरी लागतं. किचकट गोष्ट सुटली की आपण फक्त त्यातून सुटतो. स्टेलारिससारख्या गेममध्ये दोन्ही ठासून भरलेलं आहे. दोनशे तासवाले किचकटपणाला अवघडपणाचा मान देतात. गाईडवाले किचकटपणापासून वाचवतो म्हणून येतात आणि जाताना अवघडपणाही घेऊन जातात.

खिंड

गेम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने मे २०१६ मध्ये स्टेलारिस आणला. साल असतं २२००. तुमच्या प्रजातीला नुकतंच दुसऱ्या ताऱ्यांपर्यंत जाता यायला लागलंय. हातात एक ग्रह, एक संशोधन जहाज, एक बांधकाम जहाज आणि तीन छोटी लढाऊ जहाजं. बाकी सगळी आकाशगंगा अंधारात. घड्याळ सतत पळत असतं. स्पेसबार दाबला की थांबतं. १९९३ साली 'मास्टर ऑफ ओरायन' या गेमबद्दल लिहिताना अ‍ॅलन एमरिक या समीक्षकाने अशा खेळांना 'फोर-एक्स' हे नाव दिलं. त्या चार एक्सचा अर्थ मराठीत सांगायचा तर शोधा, पसरा, ओरबाडा, संपवा. स्टेलारिस याच घराण्यातला.

यातलं अवघड काय, ते एका उदाहरणाने सांगते. तुमच्या खाणींतून खनिजं येतात. त्या खनिजांचे एकतर मिश्रधातू करता येतात, नाहीतर उपभोग्य वस्तू. मिश्रधातूंतून लढाऊ जहाजं बनतात. उपभोग्य वस्तूंवर तुमचे शास्त्रज्ञ जगतात. म्हणजे एकाच ढिगाऱ्यातून तोफा काढायच्या की प्रयोगशाळा चालवायच्या, हे तुम्ही ठरवायचं. त्यात आणखी एक पेच आहे. नवा तारा ताब्यात घ्यायचा तर तिथे चौकी उभारावी लागते, आणि चौकीलाही मिश्रधातूच लागतात. जितकं वेगाने पसराल तितकं रक्षण करायला कमी उरेल. शिवाय हे सगळं ठरवायचं ते शेजारी कोण आहे हे कळायच्या आधी. तो शांततावादी असेल तर तोफांवरचा खर्च वाया. तो लष्करवादी असेल तर प्रयोगशाळा त्याच्याच कामी येतील.

याला एकच बरोबर उत्तर नाही. शेजारी बदलला, नकाशा बदलला, की उत्तर बदलतं.

आता नकाशा. इथे जहाजं वाटेल तिथून उडत नाहीत. ताऱ्याताऱ्यांमध्ये ठरावीक वाटा आहेत, त्यांना हायपरलेन म्हणतात. आकाशगंगा हे एक रस्त्यांचं जाळं आहे. त्यामुळे कुठेतरी एखादा तारा असा सापडतो, की पलीकडून तुमच्या मुलखात यायची एकमेव वाट त्याच्यातून जाते. अशा जागेचं मोल मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. घाट, खिंड, खिंडीच्या तोंडावरचा किल्ला हे आपल्याकडे शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकापासून रक्तात भिनवलेलं असतं. पण पुस्तकात खिंड आधीच नाव लागलेली असते. इथे ती तुम्हाला ओळखावी लागते. शे-दोनशे ठिपक्यांच्या जाळ्यात कोणता ठिपका खिंड आहे, हे बोट ठेवून कुणी दाखवत नाही.

माझ्या तिसऱ्या साम्राज्यात मी ठरवून एक प्रयोग केला. पहिली चाळीस वर्षं ताफा वाढवायचाच नाही. सगळे मिश्रधातू चौक्यांना, आणि खिंडीत एक भक्कम तळ. बघू काय होतं. शेजारी लष्करवादी निघाला. युद्ध पुकारलं गेलं तेव्हा त्याच्याकडे ताफा होता, माझ्याकडे भिंत होती. भिंतीने बराच वेळ काढला, मग ती पडली, आणि मागचे तारे एकामागून एक गेले. स्पेसबार दाबत-सोडत मी जवळपास तासभर ते बघत होते. त्या तासात मला जे कळलं ते असं: तळ शत्रूला हरवत नाही, तो तुम्हाला वेळ देतो, आणि त्या वेळात आणायला मागे काही असेल तरच त्या वेळेला किंमत. हे वाक्य कुठल्याही गाईडमध्ये सापडेल. पण ते मी वाचलेलं नाही, ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. म्हणून पुढच्या खेळात वेगळा नकाशा आला तरी ते माझ्या कामी आलं.

हा अवघडपणा. यातला एकही मिनिट कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये.

पडदे

आता किचकटपणा बघू.

या गेमच्या पडद्यावर एका वेळी इतके आकडे आणि चिन्हं असतात की नवा माणूस आधी वाचायला नाही, ओळखायला शिकतो. हे चिन्ह ऊर्जेचं, हे प्रभावाचं, हे ऐक्याचं. एखादा आकडा लाल झाला तर तो का लाल झाला, हे त्याच्यावर माऊस नेऊन धरल्यावर कळतं. तिथे एक यादी उघडते, त्या यादीतली एखादी ओळ दुसऱ्याच पडद्याकडे बोट दाखवते, तो पडदा उघडला की त्यातलं कारण तिसऱ्या टॅबमध्ये. माहिती खेळात असते, ती फक्त सात कपाटांत विभागलेली असते.

ताफ्याचंच घ्या. प्रत्येक ताफ्याच्या नावाशेजारी त्याच्या ताकदीचा एक आकडा असतो. नवा माणूस साहजिकच दोन आकड्यांची तुलना करतो. पण कवच आणि ऊर्जाढाल यांच्यावर वेगवेगळी शस्त्रं वेगवेगळी चालतात. लेझर चिलखत फोडतो पण ढालीपुढे दुबळा पडतो. तोफगोळ्यांचं नेमकं उलट. त्यामुळे सारख्या आकड्यांचे दोन ताफे भिडले तरी लढाई एकतर्फी होऊ शकते. कोणत्या शस्त्रापुढे कोणता बचाव, हा विचार अवघड आहे आणि फार सुंदर आहे. तो विचार करायला हवा हेच एका ठळक आकड्याआड झाकलं जाणं, हा किचकटपणा आहे.

त्यात भाषा. स्टेलारिस पोलिशमध्ये आहे, कोरियनमध्ये आहे, जपानीत आहे. इंग्रजी सोडली तर भारतात बोलल्या जाणाऱ्या एकाही भाषेत नाही. यातली इंग्रजीही साधी नाही. ती कायद्याच्या कलमांसारखी आहे, अटी आणि अपवादांनी भरलेली. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला खिंडीचं महत्त्व वॉर्सातल्या मुलापेक्षा लवकर कळेल, पण तिथवर पोचायच्या आधीच तो टूलटिपमध्ये अडकेल. मग तो म्हणेल, "हा गेम माझ्या डोक्याचा नाही." त्याच्या डोक्याची परीक्षा झालेलीच नसते. झालेली असते ती त्याच्या चिकाटीने फॉर्म भरण्याची.

"पण एवढ्या गुंतागुंतीचा गेम किचकट असणारच ना?" नाही. याचे दोन पुरावे देते.

पहिला पुरावा 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोन भावांनी २००६ पासून फुकट वाटलेला, जगातल्या सर्वांत गुंतागुंतीच्या गेम्सपैकी एक. वर्षानुवर्षं त्यात चित्रं नव्हती. कीबोर्डावरच्या अक्षरांतून तुम्ही बौने, झाडं, दगड ओळखायचे. माऊसही जवळजवळ निरुपयोगी. त्याचे भक्त म्हणायचे, हाच याचा आत्मा. डिसेंबर २०२२ मध्ये तो स्टीमवर आला तेव्हा त्यात चित्रं होती, माऊस चालत होता, सुरुवातीला हात धरून चालवणारं ट्युटोरियल होतं. गेम सोपा झाला का? छे. किल्ले आजही तितकेच बुडतात, आणि 'हरण्यातच मजा' हे त्या गेमच्या चाहत्यांचं ब्रीद आजही तितकंच खरं आहे. गेला तो फक्त किचकटपणा. अवघडपणाला धक्काही लागला नाही.

दुसरा पुरावा खुद्द पॅराडॉक्सच्या घरातला. २०२० च्या 'क्रुसेडर किंग्ज ३' मध्ये त्यांनी एक साधी गोष्ट केली. मदतीच्या चौकटीतला एखादा शब्द कळला नाही, तर त्या शब्दावरच माऊस न्या, त्याची चौकट उघडेल. तिच्यातला शब्द कळला नाही, तर त्याच्यावर न्या. कळत नाही तिथेच उत्तर. गेममधली कारस्थानं तितकीच गुंतागुंतीची राहिली. म्हणजे किचकटपणा हा गुंतागुंतीचा अटळ कर नाही. तो कुणीतरी न केलेल्या कामाचा ढीग आहे.

आणि सर्वांत जुना पुरावा तर घराघरात आहे. बुद्धिबळाचे नियम आजोबा नातीला एका दुपारी शिकवतात. प्यादं सरळ चालतं, तिरकं मारतं, उंट तिरका, घोडा अडीच घरं. संध्याकाळी ती पहिला डाव हरते. त्यापुढे आयुष्य पुरत नाही. किचकटपणा एका दुपारचा, अवघडपणा जन्माचा. चांगल्या खेळाचं प्रमाण हे असावं.

कितवा अटेम्प्ट?

या खेळाबद्दल कुठेही काहीही विचारा, उत्तराआधी एक प्रश्न येतो. "तुझे किती तास झालेत?"

पुण्यात पेठांमध्ये राहिलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. तिथे तो "कितवा अटेम्प्ट?" असा विचारतात. उत्तरावरून तुमची जागा ठरते: चहाच्या टपरीवर तुम्ही बोलायचं की ऐकायचं. माझे नव्वद तास ऐकल्यावर मलाही बऱ्याचदा "अजून लहान आहेस" छापाची उत्तरं मिळाली आहेत. बाई आहे हे कळल्यावर एकाने तर आधी सोपा गेम सुचवला. मी त्याला हायपरलेनबद्दल विचारलं होतं.

दोनशे तासवाल्यांचा मुद्दा मी प्रामाणिकपणे मांडते. ते म्हणतात, "आम्ही कुणाच्या मदतीशिवाय शिकलो. ज्याला खरंच आवड आहे तो टिकतो." दुसऱ्या वाक्यात घोळ आहे. टिकतो तो आवड असलेला नव्हे, वेळ असलेला. ज्याला रात्री तीनपर्यंत जागलं तरी सकाळी डबा करायचा नाही, तो टिकतो. ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे तो टिकतो. भावंडांत एकच असेल तर पाळी येईपर्यंत मागच्या वेळचं विसरायला होतं. ज्याला कलमांची इंग्रजी येते तो टिकतो. या चाळणीतून जे उरतात ते स्वतःला हुशार समजतात, आणि चाळणी हुशारीचीच होती असं मानून पुढच्यांसाठी ती तशीच ठेवतात. आपल्या देशात अशा चाळण्यांची कमी नाही. निदान खेळात तरी आणखी एक नको.

अपेक्षित प्रश्न

आता दुसरी टोळी. माझी भाषा इथे जरा मऊ होईल, कारण या टोळीत माझी माणसं आहेत.

माझा मावसभाऊ बारावीत आहे, नीटची तयारी करतो. सुट्टीत आला होता तेव्हा माझ्या शेजारी बसून त्याने एक संध्याकाळ गेम बघितला.

"ताई, तू बिल्ड का नाही बघत?"

"मला शोधायचंय."

"पण कुणीतरी ऑलरेडी शोधलंय ना?"

त्याचा प्रश्न उद्धट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. त्याच्या जगात न कळलेली गोष्ट म्हणजे गेलेला मार्क. प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर असतं, ते कुणीतरी आधीच काढलेलं असतं, आणि ते तुमच्यापर्यंत लवकरात लवकर पोचवणं यालाच शिकवणं म्हणतात. हे त्याच्यापासून सुरू झालेलं नाही. आपण सगळेच गाईडवर वाढलोय. एकवीस अपेक्षित घरात नसलेला दहावीचा विद्यार्थी माझ्या पिढीत तरी मला भेटलेला नाही. धडा न वाचता त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं पाठ असणं, हे आपल्याकडे कौशल्य आहे. 'स्ट्रॅटेजी' हा शब्दसुद्धा आपण पार उलटा करून ठेवलाय. त्याचा अर्थ आहे समोरची परिस्थिती बघून आखलेला डाव. स्पर्धा परीक्षांच्या गल्ल्यांत त्याचा अर्थ झालाय टॉपरचं वेळापत्रक.

मग स्ट्रॅटेजी गेम हातात आल्यावर आपण दुसरं काय करणार? टॉपर शोधणार.

गंमत अशी, की हा गेम गाईडला दाद देत नाही. संशोधनाच्या वेळी तुमच्यापुढे सगळी यादी नसते. पत्ते पिसून तीन पर्याय टाकावेत तसे तीन समोर येतात. गाईडने 'हे आधी घ्या' म्हटलेलं तुमच्या तीन पानांत आलेलंच नसतं. नकाशा दर वेळी नवा. शेजारी नवे. वर मूळ नियमही स्थिर नाहीत. आधी ताऱ्यांकडे जायच्या तीन वेगवेगळ्या पद्धती होत्या. फेब्रुवारी २०१८ च्या २.० आवृत्तीत सगळ्यांना हायपरलेनवर आणलं. त्याच वर्षी डिसेंबरात ग्रहांवरचे चौकोन गेले आणि अख्खी अर्थव्यवस्था नव्याने मांडली गेली. मे २०२५ च्या ४.० मध्ये लोकसंख्येची गणितं पुन्हा बदलली. दर वेळी ज्यांनी पाठ केलं होतं ते शून्यावर आले. ज्यांना एवढं कळलं होतं की एकदा खर्च केलेलं दुसऱ्यांदा खर्चता येत नाही आणि लांब सीमा राखायला महाग पडते, ते थोडे अडखळले आणि पुढे गेले.

तरीही गाईडने जिंकता येतं, हे मी नाकारत नाही. बरेच जण जिंकतात. मला त्यांना विचारायचंय, तुम्ही जिंकलात की तुमच्या संगणकावर दुसरं कुणीतरी जिंकलं?

हा फक्त माझा हट्ट नाही. मनू कपूर या शिक्षण-अभ्यासकाने २००८ साली 'उपयुक्त अपयश' या कल्पनेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं होती आपल्याच देशातली, अकरावी सायन्सची. काही गटांना भौतिकशास्त्राचे मोकळे, गुंतागुंतीचे प्रश्न कुठल्याही मदतीशिवाय सोडवायला दिले. त्या गटांची उत्तरं फारशी चांगली आली नाहीत. पण नंतरच्या चाचणीत, जिथे प्रत्येकाला एकट्याने सोडवायचं होतं, तिथे हीच मुलं सरस ठरली. आधी धडपडणं फुकट गेलं नव्हतं. ज्या इयत्तेपासून आपण मुलांची धडपड पैसे मोजून थांबवतो, नेमक्या त्याच इयत्तेतला हा निष्कर्ष आहे.

"खेळच तर आहे"

इथवर वाचून कुणी म्हणेल, एवढं तावातावाने बोलण्यासारखं काय आहे यात? खेळच तर आहे. दमूनभागून आलेल्या माणसाने व्हिडिओ बघून तासाभरात जिंकून झोपलं, तर तुझं काय गेलं?

दमलेल्या माणसाशी माझं भांडण नाही. दमला असेल तर त्याने हवा तो खेळ हवा तसा खेळावा. व्हिडिओ बनवणाऱ्यांशीही सरसकट भांडण नाही. त्यातले कितीतरी जण गेमने सांगायला हवं होतं ते पदरमोड करून सांगत असतात. कोणतं बटण कुठे आहे, लाल आकड्याचा अर्थ काय, हे समजावणाऱ्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्याच व्हिडिओच्या सातव्या मिनिटाला तो म्हणतो, "आता पहिल्या तीस वर्षांत नेमकं हे करा," तेव्हा तो माझ्या ताटातलं उचलत असतो.

आणि "खेळच तर आहे" हे तर माझंच म्हणणं आहे. खेळच आहे, म्हणून इथे हरलं तर काही जात नाही. मार्क जात नाहीत, फी बुडत नाही, नातेवाइकांना सांगावं लागत नाही. रात्रीतून सहाशे कोटी जीवांचं साम्राज्य बुडालं तरी सकाळी ऑफिसात कुणी विचारत नाही. माझ्या मावसभावाच्या आयुष्यात अशी दुसरी जागा दाखवा. घर, क्लास, टेस्ट सिरीज, रँक. पुढे प्लेसमेंट, अप्रेझल. कुठेही त्याला काही काळ न कळलेल्या अवस्थेत बसू दिलं जाणार नाही. आणि एखादी गोष्ट पहिल्यांदा, स्वतः, कुणी न सांगता कळण्यासाठी आधी काही काळ ती न कळलेली असावी लागते. याला शॉर्टकट नाही.

ही सवय सुटली तर ती फक्त खेळातच सुटत नाही. पुढे असे प्रश्न येतात ज्यांचं गाईड कुणी लिहिलेलं नसतं. कर्ज काढून गावात काही सुरू करायचं की नाही. आजारी बापाला शहरात आणायचं की स्वतः परत जायचं. यांचे अपेक्षित प्रश्नसंच निघत नाहीत. तिथे गोठून न जाता, अर्धवट माहितीवर एक पाऊल टाकून बघायचं, चुकलं तर मागे यायचं, ही सवय कुठेतरी लागलेली असावी लागते. ती स्टेलारिसनेच लागेल असं मी म्हणत नाही. ती पत्त्यांतून लागते, शेतीतून लागते, मोडलेला मिक्सर उघडून बसण्यातून लागते. पण जिथे लागू शकते अशी एखादी जागा हाताशी असताना तिथेही उत्तरपत्रिका घेऊन बसायचं, याला मी काटकसर म्हणणार नाही.

तर मागणं काय?

गेम बनवणाऱ्यांकडे मागणं साधं आहे. किचकटपणा तुमचं काम आहे, तो आमच्या वेळेवर ढकलू नका. जो आकडा फसवतो तो एकटा दाखवू नका. जे जिथे विचारलं जातं तिथेच सांगा. आणि अवघडपणा कमी करून 'सगळ्यांसाठी' म्हणून विकू नका. सगळ्यांना विचार करता येतो.

नव्याने शिकणाऱ्यांना सांगणं असं. पहिला डाव व्हिडिओशिवाय खेळा. बटण सापडत नसेल तर खुशाल विचारा, त्यात लाज नाही, कारण बटण सापडण्यात शहाणपणही नाही. पण "आता मी काय करू?" हा प्रश्न टाइप करायच्या आधी स्पेसबार दाबा. घड्याळ थांबतं. समोर नकाशा असतो. वाटा बोटाने मोजा. शेजाऱ्याचा अंदाज बांधा. मग कागदावर एक ओळ लिहा: मला वाटतं असं केलं तर असं होईल. आणि घड्याळ सुरू करा. अंदाज खोटा ठरला तरी ती ओळ तुमची आहे.

आणि दोनशे तासवाल्यांना, ज्यांना हे सगळं येतं त्यांना, एकच नियम सुचवते. कुणी किचकट प्रश्न विचारला तर पूर्ण उत्तर द्या, तास न विचारता, जमलं तर मराठीत. ढाल कशाने फुटते, हा आकडा कुठून आला, ही चौकट कशी बंद करायची, सगळं सांगा. कुणी अवघड प्रश्न विचारला, तळ कुठे बांधू, आधी तोफा की प्रयोगशाळा, तर उत्तर माहीत असूनही गप्प बसा. फार तर विचारा, "तुला काय वाटतं?"

आपल्याकडे आजवर नेमकं उलटं चालत आलंय. पहिल्या प्रश्नावर हसतात आणि दुसऱ्याचं उत्तर विकतात.